सही करण्याआधी: वाचकांचे प्रश्न, घरच्या पैशांचे

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत. नाव छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, म्हणून फक्त ठिकाणं दिली आहेत. ज्यांनी हे सदर पहिल्यांदाच उघडलंय त्यांच्यासाठी सांगते, मी ठाण्यातल्या एका सहकारी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. कर्जाच्या कागदांवर सह्या घेणं हे माझं काम होतं. सही करणारा समोर बसायचा आणि ज्या बाईच्या घरखर्चातून तो हप्ता जाणार असायचा ती बहुतेक वेळा मागच्या खुर्चीत गप्प बसलेली असायची. तिला कुणी काही विचारायचं नाही. म्हणून कुठलंही पत्र आलं की या निर्णयाचा भार घरात कुणावर पडणार आणि त्या माणसाला कुणी विचारलंय का, हे मी आधी बघते.

खारेगाव, कळवा

*आम्ही दोघं नोकरी करतो. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख २५ हजार हातात येतात. सासू-सासरे, पहिलीतली मुलगी आणि आम्ही दोघं वन बीएचकेत भाड्याने राहतो, भाडं २२ हजार. मिस्टरांना घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ ८० लाखांचा टू बीएचके आवडलाय. बांधकाम चालू आहे, ताबा अडीच-तीन वर्षांनी. बँक ६४ लाख देईल, ७.७५ टक्के दराने २० वर्षांसाठी हप्ता साडेबावन्न हजार. आमचे १२ लाख साठलेत. सासऱ्यांना निवृत्तीचे ३० लाख मिळालेत, त्यातले १५ ते देतो म्हणतात. सासूबाई काहीच बोलत नाहीत. आमच्याच गल्लीत दहा वर्षं जुन्या इमारतीत जरा मोठा वन बीएचके ६२ लाखांना आहे, पण मिस्टर म्हणतात घ्यायचं तर टू बीएचकेच. काय करावं?*

ताई, हे माझं वाचून झालं की घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, सासूबाईंनासुद्धा. एक कागद घ्या आणि ८० लाखांच्या वर काय काय लागतं ते सगळ्यांच्या देखत लिहा.

३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या घरकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्क्यांची आहे. म्हणून बँक ६४ लाख म्हणते. उरलेले १६ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत, ते पदरचे भरावे लागतात. ठाण्यात मुद्रांक शुल्क अधिभारासकट ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, ४ लाख. बेरीज झाली २५ लाख ९० हजार. तुमचे १२ आणि सासऱ्यांचे १५ मिळून २७. उरले १ लाख १० हजार, आणि त्यात पार्किंग, सोसायटीचा आगाऊ देखभालखर्च, वकील, पंखे, ओट्याखालच्या ट्रॉल्या, ग्रिल, सामान हलवण्याचा टेम्पो हे सगळं बसवायचं. ते बसत नाही. मग पर्सनल लोन निघतं किंवा मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं बँकेत जातं. कर्जविभागात बसून मी हे पुष्कळ पाहिलंय.

आता महिन्याचं बघू. ताबा मिळेपर्यंत भाडं सुटत नाही. इमारत जसजशी वर जाते तसतशी बँक रक्कम सोडते आणि सोडलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं. शेवटच्या टप्प्यात जवळजवळ सगळं कर्ज उचललेलं असतं. तेव्हा नुसतं व्याजच महिन्याला ४१ हजारांच्या वर जाईल आणि भाड्याचे २२ हजार आहेतच. ताबा सहा महिने लांबला तर हे सहा महिने जास्त.

शिवाय ७.७५ टक्के हा आजचा दर आहे, वीस वर्षांचा नाही. मे २०२२ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. लोकांना कळलंच नाही की पंचावन्नाव्या वर्षी फिटणारं कर्ज आता साठी ओलांडून जातंय. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्यायला हवं. तो हक्क तुम्हाला आहे, पण वाढलेले पैसे शेवटी तुम्हालाच भरायचेत. म्हणून घरकर्जाचा हिशोब करताना आजच्या दरापेक्षा पाऊण-एक टक्का जास्त धरावा. साडेआठने तुमचा हप्ता ५५ हजार ५४० होतो, साडेनऊने ५९ हजार ६५० च्या आसपास. दोघांपैकी एकाची नोकरी तीन महिने गेली तर यातला कुठला आकडा भरता येईल? मिस्टरांना हा प्रश्न शांतपणे विचारा, भांडणाच्या सुरात नको.

आता सासऱ्यांचे १५ लाख. या पत्रातली सगळ्यात नाजूक गोष्ट मला हीच वाटते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के व्याज धरलं तर ३० लाखांवर दर तिमाहीला ६१ हजार ५०० मिळतात, म्हणजे महिन्याला २० हजार ५००. त्यातले १५ लाख दिले की तेच होतात १० हजार २५०. सासऱ्यांची बीपीची गोळी, सासूबाईंच्या गुडघ्याचा एक्सरे, गावच्या लग्नातला अहेर, नातीला आणलेली बिस्किटं, हे सगळं आता ते स्वतःच्या पैशाने करतात. उद्या त्यातल्या निम्म्यासाठी तुमच्याकडे हात पसरावा लागेल. तुम्ही द्याल, मनापासून द्याल, याबद्दल मला शंका नाही. पण आयुष्यभर स्वतःच्या खिशातून खर्च केलेल्या माणसाला ते मागणं जड जातं. सासूबाई गप्प आहेत त्याचं कारण हेच असेल, असं मला वाटतं. त्यांना एकटीला स्वयंपाकघरात विचारा, "आई, हे पैसे दिल्यावर तुमच्या हातात काय राहणार?" उत्तर मिळेल.

माझं मत विचाराल तर आज तुम्ही गल्लीतल्या घराचा गंभीरपणे विचार करा. ६२ लाखांवर ८० टक्के म्हणजे ४९ लाख ६० हजार कर्ज. साडेआठ टक्के धरूनही हप्ता ४३ हजारांच्या आसपास. राहायला जाताच भाडं बंद. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही. पदरचे लागतील १२ लाख ४० हजार, मुद्रांक ४ लाख ३४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार, मिळून १७ लाख ४ हजार. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ६२ हजार वाचतात. कर्जात मिस्टर सहकर्जदार राहू शकतात. सासऱ्यांकडून ५ लाखांच्या आतबाहेर घ्यावे लागतील आणि त्यांच्याकडे २५ राहतील. जे घ्याल ते चेकने घ्या आणि भेट की उसने ते साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या करून ठेवा. घरातल्या घरात कसला कागद, असं मिस्टर म्हणतील. नणंद किंवा दीर असेल तर हा कागद पुढे सगळ्यांच्याच उपयोगी पडतो.

पाच माणसांना वन बीएचके लहानच. ते मी नाकारत नाही. पण आजही तुम्ही वन बीएचकेतच राहता, तेही दुसऱ्याच्या. सात-आठ वर्षांनी मुलगी आठवी-नववीत जाईल, पगार वाढलेले असतील, तेव्हा हे विकून मोठं घेता येईल.

मात्र या इमारतीचे कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. कळवा-दिवा पट्ट्यात परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या इमारती पुष्कळ आहेत. भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची नोंदणी, विकणाऱ्याचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या खरेदीखतांची साखळी आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला मागा. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीहक्काचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झालंय का तेही विचारा. चांगल्या बँकेने त्या इमारतीला कर्ज नाकारलं तर कारण विचारून तिथूनच परत फिरा. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, तुम्ही विकणाऱ्याच्या रकमेतून कापून सरकारकडे भरायचा आहे. हे अनेकांना ठाऊकच नसतं आणि नंतर नोटीस येते.

आणि घोडबंदरचंच पक्कं ठरलं तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका आणि ताब्याची जाहीर केलेली तारीख बघा. साइटवरचा सेल्समन सांगतो ती नव्हे. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. "ऑफर रविवारपर्यंतच आहे" असं कुणी म्हटलं तर रविवार जाऊ द्या.

माजिवडा, ठाणे

*मुलगा आठ वर्षांचा होतोय. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये प्रत्येक वाढदिवसाला क्लबहाउस, जादूगार आणि तीनशे-चारशेचं रिटर्न गिफ्ट असतं. तीस मुलं बोलवायची तर तीस हजारांच्या खाली काही होत नाही. आमची ऐपत तेवढी नाही. मुलगा म्हणाला, "आपण गरीब आहोत का?" मला रडू आलं.*

तुम्हाला रडू का आलं ते मला समजतं. पण त्याने वाईट काही विचारलेलं नाही. त्याला माहिती हवीय, तर ती द्या. "आपण गरीब नाही. आपल्याकडे वाढदिवसासाठी सहा हजार आहेत, त्यात काय काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." आकडा तुमचा तुम्ही घाला, पण तो खरा असू द्या आणि त्याच्यासमोर कागदावर लिहा. आठ वर्षांच्या मुलाला बेरीज-वजाबाकी येते. त्याला सांगा, जादूगार घेतला तर मुलं पाचच, जादूगार नको म्हटलं तर बारा. केक दोन किलोचा की एक किलो आणि घरचे बटाटेवडे. तलावपाळीला संध्याकाळी आठ मित्रांना नेऊन बोटीत बसवणं आणि नंतर आइस्क्रीम, हाही एक वाढदिवस आहे. मुलं किती दिवस त्याच्या गोष्टी सांगतील बघा.

रिटर्न गिफ्ट बंद करायला एक घर पुढे यावं लागतं. सोसायटीतल्या दोन-तीन आयांशी बोलून बघा. त्यांनाही हा खर्च जाचत असणार, फक्त पहिलं कुणी बोलत नाही.

वाढदिवसाला जी पाकिटं येतात ती त्याची आहेत. ती घरखर्चात मुरवू नका. त्याच्या नावाने बचत खातं काढा, आज पालकांच्या सहीने चालेल. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नियम केलाय की दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँक स्वतःच्या सहीने खातं चालवू देऊ शकते. दोन वर्षांनी त्याला बँकेत घेऊन जा आणि स्लिप त्यालाच भरू द्या.

नेरूळ, नवी मुंबई

*मी ७१ वर्षांची आहे, यजमानांचं पेन्शन मिळतं. पुढच्या महिन्यात नातीचा पहिला वाढदिवस. तिच्यासाठी १ लाख ठेवलेत. सुकन्या खातं मी काढावं की सोन्याची साखळी करावी? सून म्हणते, आमच्या खात्यात द्या, आम्ही बघू. लेकीचा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला बारशाला मी फक्त चांदीची वाटी दिली होती, ते मनाला लागून राहिलंय.*

काकू, सुकन्या खातं, म्हणजे मुलींसाठीचं सरकारी बचत खातं, तुम्ही काढू नका. ते आईवडिलांनी किंवा कायदेशीर पालकानेच काढायचं असतं. आधी आजी-आजोबांनी काढलेली खातीसुद्धा आईवडिलांच्या नावे करून घ्यावीत, असा आदेश २०२४ मध्ये निघाला. तेव्हा मुलाने किंवा सुनेने पोस्टात किंवा बँकेत खातं काढायचं आणि तुम्ही त्यांना चेक द्यायचा. चेक देताना सोबत चार ओळींची चिठ्ठी द्या की हे पैसे नातीच्या सुकन्या खात्यात भरण्यासाठी आहेत. नातीला दिलेल्या भेटीवर कुणालाच कर लागत नाही, रक्कम कितीही असो.

या खात्यात वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. भरायचं पंधरा वर्षं, मुदत खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांची. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. ८.२ टक्के दर तसाच राहिला तर आजचे १ लाख एकवीस वर्षांनी ५ लाख २३ हजारांच्या घरात जातात. दर मात्र सरकार दर तिमाहीला ठरवतं, तो खाली येऊ शकतो. आणि हे पैसे मधे सहज काढता येत नाहीत, हे सुनेला आधी सांगा.

साखळीचं म्हणाल तर १ लाखात आता तोळाभर सोनंही येत नाही. त्यात घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. मोडताना घडणावळ गेली ती गेलीच. शिवाय वर्षाच्या पोरीच्या गळ्यात साखळी घालून तिला पाळणाघरात किंवा लोकलमध्ये कोण नेणार? ती लॉकरमध्येच राहणार. पुढेमागे सोनं घ्यायचं ठरलंच तर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक कोरलेला आहे ना, ते भिंगातून बघून घ्या.

पण आजीने दिलेलं हातात धरता येईल असं काहीतरी असावं, ही तुमची इच्छा मला समजते. घुंगरांचे चांदीचे वाळे करा. नात रांगती-चालती आहे, घरभर आवाज होईल. बाकीचे सुकन्येत.

लेकीच्या मुलाचं मनाला लागलंय ना, मग आजच दुरुस्त करा. या लाखातले थोडे त्याच्यासाठी बाजूला काढा आणि लेकीला त्याच्या नावाने पीपीएफ खातं (दीर्घ मुदतीचं सरकारी बचत खातं) काढायला सांगा. ते ५०० रुपयांपासून निघतं, मुदत पंधरा वर्षं. त्याचं आणि पालकाच्या स्वतःच्या पीपीएफचं मिळून वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, एवढं ध्यानात असू द्या. दोघा नातवंडांना काय दिलं ते लेक आणि सून दोघींना सांगून टाका. नंतर दुसरीकडून कळलं की मनं दुखावतात.

सुनेवर रागावू नका. "आमच्या खात्यात द्या" याच्यामागे कदाचित पाळणाघराची फी किंवा घराचा हप्ता असेल. तसं असेल तर विचारून मदत करा, पण नातीच्या नावाचे पैसे वेगळे ठेवा. आणि काकू, तुमच्या आजारपणासाठी ठेवलेल्या ठेवीला हात लावून हा लाख काढलेला असेल तर पन्नास हजारच द्या. तुम्ही धडधाकट राहणं त्या नातीला जास्त मोलाचं आहे.

कोपरखैरणे, नवी मुंबई

*मी वाशीच्या मार्केटमध्ये एका गाळ्यावर मेहताजी आहे, पगार ३८ हजार. मेव्हणा टेम्पो घेतोय. पतसंस्था ८ लाख द्यायला तयार आहे, दोन जामीनदार हवेत. एक मी. बायको म्हणते, सही केली नाही तर माहेर तुटेल. मेव्हणा मेहनती आहे, पण त्याचं आधीचं एक कर्ज थकलं होतं.*

दादा, सही करू नका. मेव्हणा वाईट आहे म्हणून नव्हे. ८ लाखांचं कर्ज फेडायची ताकद तुमच्या ३८ हजारांत नाही म्हणून.

जामीनदार म्हणजे फक्त ओळख देणारा, असा समज सगळीकडे आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं तुम्हाला सहसा म्हणता येत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला आणते आणि त्या दाखल्यावर तुमचंही नाव असतं. मग वसुली अधिकारी ज्याच्याकडे नियमित पगार आहे त्याच्याकडे आधी येतो. टेम्पोवाला गावाला निघून जाऊ शकतो, मेहताजी रोज सकाळी गाळ्यावरच सापडतो. दाखल्याची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आलेले जामीनदार माझ्या टेबलासमोर बसलेले मला आजही दिसतात. प्रत्येकाचं वाक्य एकच असायचं, "मॅडम, मी तर फक्त सही केली होती." त्यांच्यापैकी कुणी पैसे खाल्ले नव्हते. काहींनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे भरले.

शिवाय ही जामिनकी तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसू शकते. उद्या स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेलात तर बँक ते ८ लाख विचारात घेईल.

बायकोशी मात्र आधी बोला, सासरी जाण्याआधी. तिचं म्हणणं खोटं नाही. माहेर तुटेल ही भीती तिच्या एकटीच्या वाट्याची आहे, ती हलकी समजू नका. तिला आकडे दाखवा. हप्ता थकला तर आपल्या घरातून महिन्याला किती जाईल, मुलांच्या क्लासचं काय होईल. मग दोघांनी मिळून एक रक्कम ठरवा, जी परत आली नाही तरी तुमचं घर हलणार नाही. पंचवीस हजार असो, चाळीस असो. ती मेव्हण्याला टेम्पोच्या डाउन पेमेंटसाठी द्या, स्वतः घरी जाऊन, चहा पिऊन. "सही जमणार नाही, पण हे आमच्याकडून" असं बायकोनेच म्हटलं तर उत्तम. फोनवर नाही म्हणू नका, ते नातं तोडणारं होतं.

इतकं करूनही तुमच्यावर सही करायची वेळ आलीच तर कोऱ्या फॉर्मवर करू नका. मंजुरीपत्राची प्रत घ्या, टेम्पोचा विमा आणि आरसीवर संस्थेचा बोजा चढलाय ना ते बघा आणि दर तीन महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा स्वतः मागा.

खारघर, नवी मुंबई

*मिस्टरांना नोकरी बदलताना ६ लाख मिळाले. घरकर्ज २८ लाख बाकी आहे, ८ टक्के, पंधरा वर्षं, हप्ता २६ हजार ७५०. सगळे कर्जात भरावेत का?*

सगळे नकोत. २ लाख बाजूला ठेवा, नवी नोकरी अजून रुळायची आहे. ४ लाख कर्जात भरा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं लेखी सांगा. तुम्ही काही बोलला नाहीत तर बँक काय करेल ते सांगता येत नाही. मुदत १८० महिन्यांवरून साधारण १३७ वर येते, म्हणजे ४३ हप्ते वाचले. सुमारे साडेअकरा लाख रुपये भरावे लागणार नाहीत. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड बँकेला लावता येत नाही. कुणी मागितला तर कुठल्या नियमाने ते लेखी विचारा.

नव्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहता त्या घराच्या व्याजाची वजावट तुम्हाला मिळतच नाही. तेव्हा "कर वाचतो म्हणून कर्ज राहू दे" हा सल्ला तुमच्यासाठी नाही.

ऐरोली, नवी मुंबई

*मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून ओळखीच्या एजंटकडून वर्षाला ६० हजारांची पॉलिसी घेतली. विमा मुलीच्या नावाचा आहे. गेल्या आठवड्यात कागद घरी आले, आता मन खातंय. ओळखीतला माणूस आहे, परत कसं करायचं?*

विमा कमावत्याचा काढायचा असतो. तुम्हाला किंवा मिस्टरांना काही झालं तर मुलीला पैसा लागेल, म्हणून दोघांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, घ्या. शिक्षणासाठीची बचत वेगळी करा, सुकन्या आहे, पीपीएफ आहे, जमत असेल तर म्युच्युअल फंडाची एसआयपी आहे. विमा आणि बचत एकाच पॉलिसीत घातली की बहुधा दोन्ही अपुरी पडतात.

पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि झालेल्या दिवसांचा विमाहप्ता कापून बाकीचे पैसे मिळतात. एजंटच्या परवानगीची गरज नाही. त्याला फोन करून सरळ सांगा की आम्ही घरात हिशोब केला, हे आम्हाला झेपत नाही. तो "थांबा, मी बघतो" म्हणाला तरी थांबू नका, त्यात दिवस जातात. कंपनीच्या शाखेत स्वतः अर्ज द्या, कारण एका ओळीत लिहा, मूळ कागदांच्या झेरॉक्स आधी काढून घ्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का मारून आणा.